वॉर्डातल्या दोघी आणि बसचा ड्रायव्हर

न्यायाधीश म्हटलं की साताऱ्याच्या माणसाला आधी माहुलीचे रामशास्त्री आठवतात. त्यांची गोष्ट शाळकरी पोरगाही सांगेल. त्याच साताऱ्यात १६ मार्च १९०१ रोजी जन्मलेले, तिथल्याच हायस्कुलात शिकलेले आणि १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश असलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर मात्र बाररूमच्या बाहेर फारसे कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. रामशास्त्रींनी पेशव्याला जाब विचारला, हे सांगायला सोपं. बोनसचं सूत्र काही गोष्टीत बसत नाही.

घर संस्कृत पंडितांचं. धारवाडचं कर्नाटक कॉलेज, पुण्याचं डेक्कन कॉलेज, संस्कृतात एम.ए., मग कायदा आणि १९२६ पासून मुंबई हायकोर्टात वकिली. ‘हिंदू लॉ क्वार्टर्ली’चं संपादनही त्यांनी केलं. दत्तक आणि वारसा यांत मुरलेला हा माणूस १९४५ साली हायकोर्टाचा न्यायमूर्ती झाला. पुढे बँक कर्मचाऱ्यांचा तंटा पेटला. कर्मचाऱ्यांना मिळालेला निवाडा सरकारने बदलला, म्हणून व्ही. व्ही. गिरींनी श्रममंत्रिपद सोडलं. चौकशी न्या. राजाध्यक्षांकडे गेली आणि त्यांच्या निधनानंतर गजेंद्रगडकरांकडे आली. १९५६ च्या जानेवारीत ते सुप्रीम कोर्टात गेले, आणि नंतरच्या दहा वर्षांत देशातल्या कामगार कायद्याची भाषा बरीचशी त्यांच्या हातून घडली.

क्राउन अॅल्युमिनियमच्या खटल्यात त्यांनी म्हटलं त्याचा आशय असा: निव्वळ किमान वेतनही ज्याला परवडत नाही, त्या उद्योगाला चालू राहण्याचा हक्कच नाही. १९५९ मध्ये एसीसीच्या निकालात बोनसचा हिशेब पक्का झाला. नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचं व्याज, यंत्रं बदलण्याची तरतूद एवढं वजा करायचं आणि उरेल त्यात कामगाराचा वाटा धरायचा. ‘सामाजिक न्याय’ हा शब्द सभेत टाळ्या घेतो, पण ताळेबंदाच्या कोणत्या ओळीत तो मांडायचा हे कुणीतरी सांगावं लागतं. ते त्यांनी सांगितलं. पाठीशी घटनेचं ४३ वं कलम होतं, निर्वाह वेतनाचं. आपली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली. आणि योगायोग असा की, १९०७ साली ऑस्ट्रेलियात अकुशल मजुराला दिवसाला सात शिलिंग हे रास्त वेतन ठरवणारे न्या. हिगिन्स, तेही जन्माने आयरिशच.

मला मात्र त्यांचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेसे वाटतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वॉर्डात काम करणाऱ्या दोन बायकांना कामावरून कमी केलं आणि पुरवठा खात्यातून सुटलेल्या लोकांना त्यांच्या जागी घेतलं. कपातीची भरपाई दिली नाही. सरकारचं म्हणणं, रुग्णालय हा ‘उद्योग’ नाही, तेव्हा औद्योगिक विवाद कायदा इथे लागूच नाही. १९६० मध्ये गजेंद्रगडकरांनी ते फेटाळलं. माणसं कामाला ठेवून, रीतसर व्यवस्था लावून समाजाला सेवा पुरवली जाते ना, मग तो उद्योग. नफा असो वा नसो. मीमांसेच्या वळणाचं हे अर्थ लावणं आहे: शब्द कशासाठी योजला, ते पाहून त्याचा अर्थ ठरवायचा.

तीनच वर्षांनी, १९६३ मध्ये, दिल्ली विद्यापीठाचा खटला आला. मुलींच्या कॉलेजची बस तोट्यात जाते म्हणून बंद केली आणि ड्रायव्हरला घरी पाठवलं. त्यानेही कपातीची भरपाईच मागितली. कायदा तोच, निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही तेच. पण आता उत्तर आलं की शिक्षण हे उद्योगात मोडत नाही. तिथे मुख्य काम शिक्षकांचं, आणि शिक्षक कायद्याच्या व्याख्येत कामगार नाहीत. ड्रायव्हर हरला. त्याआधीच्या वर्षी सॉलिसिटर फर्ममधले कारकूनही असेच बोनसला मुकले होते.

त्यांचे चाहते याला समतोल म्हणतील. मला तो पटत नाही. शिक्षकाचं काम पवित्र असेल, पण ड्रायव्हरची चूल काही वेगळ्या लाकडांवर पेटत नाही. संस्कृत विद्येच्या घरातून आलेल्या, वकिलीत वाढलेल्या माणसाचा पाय नेमका विद्या आणि वकिली या दोन उंबऱ्यांवरच अडखळावा, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. अर्थात हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

राष्ट्रीय श्रम आयोगाचे ते अध्यक्ष होते. आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६९ मध्ये आला. त्याच १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यामागे उभे होते अण्णासाहेब पाटील, साताऱ्याच्याच पाटण तालुक्यातले, आणि मुंबईच्या बाजारांत पोती वाहणारे हमाल, ज्यांत सातारा-सांगलीची माणसं भरपूर. या कायद्याने ‘उद्योग म्हणजे काय’ या वादात शिरायचंच नाकारलं. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार द्यायचा. रोज मालक बदलणाऱ्या माणसाला त्यामुळे नोंद मिळाली, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. व्याख्येचं दार ठोठावत बसण्यापेक्षा वेगळं दार पाडणं हे काम मला त्या जाडजूड अहवालापेक्षा मोठं वाटतं.

ऊसतोडीला मात्र अजून दोन्ही दारं बंदच. जत तालुक्यातून, बीडहून कृष्णाकाठी आलेली जोडपी इथे ‘एक कोयता’ म्हणून मोजली जातात. उचल मुकादमाची, करार वाहतूकदाराचा, ऊस कारखान्याचा. मग मालक कोण? कल्याणासाठी महामंडळ झालं, पण मालक ठरवणं त्याच्या कामात येत नाही. दुसरीकडे नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेने धर्मादाय संस्था पुन्हा ‘उद्योगा’बाहेर काढल्या. म्हणजे वॉर्डातल्या त्या दोघींचा प्रश्न काही रुग्णालयांच्या दारात पुन्हा उभा राहणार.

दिल्लीच्या ड्रायव्हरविरुद्धचा निकाल सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७८ मध्ये बाद केला, जे. जे. रुग्णालयाचा मात्र उचलून धरला. गजेंद्रगडकर तेव्हा हयात होते. १२ जून १९८१ रोजी ते गेले.