टाळ थांबेना

तुकोबांच्या पालखीसोबत देहूहून निघालेल्या एका दिंडीत एक टाळकरी होता. वाटेवर मनाच्या आजारांविषयी लोकांशी बोलायचं, असं त्या वर्षी दिंडीनं ठरवलं होतं. त्यासाठी एक कापडी फलक शिवून घेतला. त्यावर लिहिलं, 'पाय दुखला तर सांगता, मन दुखलं तरी सांगा.' खाली सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक, १४४१६. टाळकरी हसतमुख आणि खड्या आवाजाचा, म्हणून फलक त्याच्याकडे आला.

बारामतीचा मुक्काम हलवून पालखी काटेवाडीत पोचली. परीट समाजानं धोतरांच्या पायघड्या घातल्या, मेंढ्या पालखीभोवती धावल्या. त्या गर्दीत एका बाईनं फलक वाचून टाळकऱ्याला बाजूला घेतलं. "पोरगा महिनाभर खोलीतनं बाहेर येईना. हितं फोन केला तर येरवड्याला नेऊन टाकतील का ओ?"

"नाही ताई. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्री-बेरात्री कधीही लावा. आधी ऐकून घेतात." त्यानं तिला क्रमांक पाठ करायला लावला.

त्याची स्वतःची डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली होती. तेव्हापासून त्याला झोप नव्हती, जेवणाला चव नव्हती. जगून काय करायचं, हा विचार रोज पहाटे यायचा. वाटेत दहाजण विचारायचे, "काय माउली, बरं आहे ना?" आणि उत्तराआधीच पुढं जायचे. तोही म्हणायचा, "बरं आहे."

बारामतीपासून काटेवाडीपर्यंत ठिकठिकाणी वारकरी पाय पुढं करून बसले होते. कुणी फोड दाखवत होतं, कुणी तेल लावून घेत होतं. त्यात लाजायचं काय?

रात्री सणसरच्या मुक्कामी तंबू निजला. एका कोपऱ्यातून मात्र टाळाची बारीक किणकिण येत राहिली. टाळकरी अंधारात बसला होता, टाळ मांडीवर, बोटं थरथरत होती. "झोप की रे," कुणीतरी कूस बदलत म्हणालं.

डोक्यावर तुळस घेऊन चालणारी एक मावशी उठली. ती पूर्वी बरीच वर्षं आळंदीहून माउलींच्या पालखीत चाललेली. येऊन त्याच्याजवळ बसली.

"काय गाऱ्हाणं हाय?"

"कसलं गाऱ्हाणं, मावशी?"

"माउलींच्या सोहळ्यात सांजच्याला समाजआरतीला चोपदार दंड उंच धरतो. समद्या दिंड्या गप होत्यात. जिचं गाऱ्हाणं असंल ती तेवढी टाळ वाजवत ऱ्हाती. मग चोपदार काय करतो, ठाव हाय?"

"गप बसा म्हणत असंल."

"न्हाई. चालत तिच्यापाशी जातो. ऐकून घेतो. तुझा टाळ कवापास्नं वाजतोय. मी आले चालत. आता बोल."

तो बोलला. बागेचं, कर्जाचं, पहाटेच्या विचाराचं, सगळं. मावशीनं देवाचं नाव घे म्हटलं नाही, की तुझ्यापेक्षा दुःखी लोक जगात आहेत, असंही ऐकवलं नाही. दिंडीच्या फलकावर सगळा उपदेश बोलणाऱ्यासाठी होता; ऐकणाऱ्यानं काय करायचं, याचा एक शब्द नव्हता. खरं तर गप्प माणसाला 'बोल' म्हणणं सोपं. उठून त्याच्यापाशी जाऊन बसणं, हे काम अवघड. आणि ते कुणीतरी करावंच लागतं.

पहाटेपर्यंत मावशी त्याच्याजवळून हलली नाही. उजाडल्यावर बेलवाडीच्या वाटेवर त्यानं पाठ असलेला तो क्रमांक पहिल्यांदा स्वतःसाठी लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. तिथून पुढं त्याला एकटं सोडायचं नाही, असं दिंडीनं ठरवलं. निमगाव केतकीच्या मुक्कामात त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं झोपली. फलक दुसऱ्यानं घेतला.

इंदापुरात पालखीचं गोल रिंगण सुरू झालं, अश्व धावला, मैदान उसळलं. त्या वेळी टाळकरी आणि मावशी सरकारी दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसले होते. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि गावी परतल्यावर मानसोपचार तज्ज्ञाकडे जाण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. ती त्यानं पाकिटात ठेवली.

बाहेर आल्यावर तो ओशाळून म्हणाला, "माझ्यापायी तुमचं रिंगण चुकलं, मावशी."

"म्होरं अकलूजला हाय की," मावशी म्हणाली. "चल, आधी काहीतरी खाऊ."