पुढच्या जन्मी कशाला?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली, की गावोगावच्या दत्तमंदिरांत श्रीगुरुचरित्राचे सप्ताह बसतात. पारायणाला बसणाऱ्यांत पिकल्या केसांचीच संख्या जास्त. नोकऱ्या संपलेल्या, मुलांची लग्ने झालेली, नातवंडे शाळेत जाऊ लागलेली. वाचन आटोपले, की चार गोष्टी निघतात आणि त्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते. "मला पेटी शिकायची फार इच्छा होती हो. पण आता काय, पुढच्या जन्मी!" कुणाचे संस्कृत राहिलेले असते, कुणाची नर्मदा परिक्रमा, तर कुणाला गावाकडच्या पडीक जमिनीत चार झाडे लावायची असतात. बोलणारा हसत बोलतो, ऐकणाराही हसतो. पण त्या हसण्याच्या तळाशी थोडी हळहळ असतेच.

ही हळहळ योग्य आहे का? साठी-सत्तरीत मनात नवे स्वप्न उगवले, तर ते पुरवावे की मारावे? भाविक माणसाला हा प्रश्न जास्त अवघड वाटतो. कारण त्याच्या कानावर लहानपणापासून एकच गोष्ट पडलेली असते, की वय झाले, आता इच्छा आवरा, संसारातून मन काढा, नाम घ्या. मग नवी इच्छा झाली की त्याला अपराध्यासारखे वाटते. आपण अजून वासनेतच अडकलो की काय, अशी शंका येते.

या प्रश्नाचे उत्तर आपण रोज ज्या पोथीला नमस्कार करतो, तिच्यातच शोधू या.

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी आपण ३९वा अध्याय वाचतो. गाणगापुरात सोमनाथ नावाच्या ब्राह्मणाची बायको गंगा श्रीनृसिंहसरस्वती स्वामींच्या दर्शनाला नित्य येत असे, आरती ओवाळीत असे. वय साठ वर्षांचे, पोटी संतान नाही. एके दिवशी श्रीगुरूंनी विचारले, तुझ्या मनात काय आहे? ती म्हणाली, या जन्मीचे आता झाले, पुढच्या जन्मी तरी मी लेकुरवाळी व्हावे. श्रीगुरू हसले. पुढचा जन्म कोणी पाहिला, त्या वेळी तुला आठवण तरी कुठली राहणार, असा त्यांच्या बोलण्याचा भाव आहे. तुला याच जन्मी मिळेल, असे त्यांनी सांगितले.

पुढची कथा आपल्याला ठाऊक आहे. तिला कन्या झाली, पुत्र झाला. त्या चमत्काराचे माहात्म्य आहेच. पण आपल्यासारख्यांनी त्यातला एक बारकावा उचलण्याजोगा आहे. श्रीगुरूंनी तिच्या इच्छेला नावे ठेवली नाहीत. "साठ वर्षांची झालीस, अजून कसली इच्छा धरतेस?" असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी खोडून काढले ते फक्त "पुढच्या जन्मी" हे शब्द.

आणखी एक गोष्ट. त्या बाईने तक्रार केली, की मी जन्मभर पिंपळाला प्रदक्षिणा घालून थकले, काही फळ मिळाले नाही. श्रीगुरूंनी सांगितले, अश्वत्थाची निंदा करू नकोस, त्याचीच सेवा पुढे चालू ठेव. म्हणजे नवे मागणे होते, पण मागचे आयुष्य फुकट गेले असे मानायचे नव्हते. आज "इतकी वर्षे संसारात वाया गेली" असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात घ्यावे. वाया काही जात नाही. तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाची शिस्त आणि जन्मभर स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईची चिकाटी हेच उतारवयाच्या शिक्षणाचे भांडवल.

आता कोणी म्हणेल, हे ठीक आहे, पण दत्तात्रेयांनीच केलेल्या चोवीस गुरूंत पिंगला आहे, तिचे काय? शंका रास्त आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगतात. विदेह नगरीतली पिंगला रात्री नटूनथटून दारात उभी राहते. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आपल्याकडेच येतो आहे असे तिला वाटते. आत जाते, बाहेर येते. मध्यरात्र उलटते, कोणी येत नाही. शेवटी ती आशाच सोडून देते आणि शांत झोपते. अवधूतांनी तिच्याकडून हेच घेतले, की आशेसारखे दुःख नाही. मग एकीकडे आशा सोडणारी पिंगला आणि दुसरीकडे साठाव्या वर्षी मागणे मागणारी गंगा. दत्तभक्ताने कोणाचे ऐकायचे?

दोघींचेही. पिंगलेने काय सोडले, ते नीट पाहिले पाहिजे. तिने सोडली ती दारात उभे राहून दुसऱ्याची वाट पाहणारी आशा. कोणीतरी येईल आणि मला सुख देईल, ही ती आशा. ती सोडल्यावर पिंगला रिकामी बसली नाही. हृदयातल्या भगवंतालाच आपला मानून राहण्याचा तिने निश्चय केला. म्हणजे तिच्याही आयुष्याला त्या रात्री नवीच दिशा लागली.

आपल्या वयाला हे किती लागू पडते पाहा. म्हातारपणाचे खरे दुःख स्वप्नांचे नसते, दारातल्या वाट पाहण्याचे असते. मुलगा रविवारी फोन करील, सून विचारपूस करील, सोसायटीतले लोक मान देतील, जुन्या ऑफिसातले कोणी ओळख दाखवील. डोळे रस्त्याकडे आणि कान फोनकडे. ही पिंगलेची आशा. ती खुशाल सोडावी. पण पहाटे उठून तानपुरा लावणे किंवा वहीत धातुरूपे गिरवणे ही वाट पाहण्याची गोष्ट नव्हे. त्यात डोळे दुसऱ्याकडे लागलेले नसतात, हात आपल्या कामात असतात.

म्हणूनच मला वाटते, की ३९व्या अध्यायानंतर लगेच ४०वा येतो, तो जणू याचा खुलासा करण्यासाठी. नरहरी नावाचा कुष्ठी ब्राह्मण श्रीगुरूंना शरण आला. त्याला त्यांनी औदुंबराचे वाळलेले लाकूड दाखवले आणि संगमावर रोवून त्याला पाणी घालायला सांगितले. लोक हसले. वाळल्या लाकडाला कधी पालवी फुटते का? नरहरीने वाद घातला नाही. उपाशी राहून तो सात दिवस पाणी घालत राहिला. मग श्रीगुरू आले, त्यांनी कमंडलूतले पाणी शिंपडले आणि लाकडाला पालवी फुटली.

पालवी फुटणे हे श्रीगुरूंचे काम. नरहरीचे काम पाणी घालण्याचे. उतारवयातले स्वप्न या दोन कामांची गल्लत न करता धरले, तर ती साधना आहे. "मला गवई व्हायचे आहे, लोकांनी टाळ्या वाजवल्या पाहिजेत" म्हटले, की पुन्हा पिंगलेचे दार आले. "मला रोज तासभर सा लावायचा आहे" म्हटले, की घागर हातात आली. आशा सोडावी, घागर सोडू नये.

आपल्या महाराष्ट्राने अशी माणसे पाहिली आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१६ साली, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. सत्तरी ओलांडल्यावर विद्यापीठासाठी परदेशांत हिंडले. खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी १९३६ साली नवे मंडळ काढले, तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे नावाजलेले चित्रकार, लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता. पन्नाशीच्या सुमारास औंधला स्वाध्याय मंडळ स्थापून त्यांनी वेदांच्या कामाला वाहून घेतले. १९४८ साली औंध सोडावे लागले, तेव्हा वय ऐंशीच्या घरात. गुजरातेत पारडीला जाऊन त्यांनी तेच काम पुन्हा उभे केले.

ही माणसे फार मोठी, आपली त्यांची बरोबरी कशी, असे वाटत असेल तर ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाकडे पाहावे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत बसल्या. ज्यांनी जन्मभर अंगठा उठवला, त्या सही करायला शिकल्या. आपले नाव आपल्या हाताने लिहायचे, एवढेच ते स्वप्न. नोकरी मिळणार नाही, पगार वाढणार नाही. फळाची अपेक्षा न ठेवता केलेले कर्म म्हणतात, ते याहून वेगळे काय असते?

पण स्वप्न चांगले असले, तरी त्याची किंमत कोण मोजतो, हेही विचारले पाहिजे. नर्मदेची पायी परिक्रमा शास्त्राप्रमाणे तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. निवृत्तीनंतर अनेकांना ती ओढ लागते. ओढ पवित्र आहे. पण घरात बायको अंथरुणाला खिळलेली असेल, तिची औषधे वेळेवर देणारे दुसरे कोणी नसेल, तर त्या परिक्रमेचे पुण्य कोणाच्या खात्यावर पडेल? अशा वेळी तंतुकाची कथा आठवावी. शिवरात्रीला घरचे सगळे श्रीशैलाला निघाले. गाणगापुरात श्रीगुरूंचे अंगण झाडणारा हा विणकर मात्र म्हणाला, माझा मल्लिकार्जुन इथेच आहे. तो गेला नाही. श्रीगुरूंनीच त्याला श्रीशैलाचे दर्शन घडवले. कर्तव्य सोडून यात्रा नको, असे मी त्यातून घेतो. बायकोच्या खाटेभोवतीही परिक्रमा होते.

पैशाचेही तसेच. आयुष्याची पुंजी एखाद्या नव्या धंद्यात घालून उद्या मुलांपुढे हात पसरावा लागला, तर ते स्वप्न नव्हे, हट्ट. अवधूतांनी भुंग्यालाही गुरू केले आहे. तो फुलाफुलातून थोडे थोडे घेतो, फुलाला इजा होऊ देत नाही. आपले शिकणे घराला असे असावे. आणि बाण घडवणारा कारागीरही त्यांचा गुरू. कामात तो इतका गढलेला, की शेजारून राजाची मिरवणूक गेली तरी त्याला कळले नाही. आपल्यापाशी वर्षे थोडी आहेत. पाच छंद नकोत, एकच धरावा.

घरातल्या तरुण मंडळींनाही एक विनंती आहे. सत्तर वर्षांच्या आईने "मला पोहायला शिकायचंय" किंवा "मला मोबाईलवर स्वतः पैसे भरायला शिकव" म्हटले, की आपल्या तोंडून पटकन निघते, "आता कशाला?" संगमावर नरहरीला हसणारे लोक हेच म्हणत होते. आधी तिला विचारा तर खरे, श्रीगुरूंनी विचारले तसे, "तुझ्या मनात काय आहे?" कित्येक बायकांना हा प्रश्न साठ वर्षांत कोणी विचारलेलाच नसतो.

राहता राहिली शेवटची भीती. सुरू केले आणि अर्धवट राहिले तर? गीतेचा सहावा अध्याय वाचणाऱ्याला ही भीती नको. अर्जुनाने हेच विचारले होते आणि भगवंतांनी सांगितले, की कल्याणाच्या वाटेवरचा कोणी दुर्गतीला जात नाही, थांबला असेल तिथून पुढे चालू लागतो. म्हणजे पुढचा जन्म हवाच असेल, तर तो ह्या जन्मी सुरू केलेल्या कामासाठी मागावा, टाळलेल्या कामासाठी नव्हे.

वानप्रस्थ या शब्दातच प्रस्थान आहे, निघणे आहे. साठीची शांत झाली म्हणजे प्रवास संपला असा अर्थ कोणत्याही शास्त्रात नाही. यंदाच्या दत्तजयंतीला पाळणा हलवून झाल्यावर प्रत्येकाने महाराजांपुढे एकच लहानसा संकल्प सोडावा. मोठा नको. उद्या सकाळी उठून करता येईल एवढाच. पाणी आपण घालू या. पालवीचे ते बघतील.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥