वार वाचता आला पाहिजे

अशिना किल्ल्याच्या गच्चीवर गेनिचिरो हवेत उडी घेतो आणि तलवार डोक्यावरून खाली आणतो. तो घाव आपण कसाबसा पेलतो, तोच पडद्यावर लाल रंगात एक जपानी अक्षर चमकतं. त्याचा अर्थ धोका. येणारा वार नुसती तलवार आडवी धरून थांबणार नाही, एवढंच ते अक्षर सांगतं. वार कोणता, हे सांगत नाही. गेनिचिरो सरळ भोसकायला येईल किंवा खाली वाकून पाय कापायला येईल. भोसकायला आला तर मागे पळायचं नाही. त्याच्याच अंगावर एक पाऊल टाकून त्याचं पातं पायाखाली दाबायचं. पाय कापायला आला तर उंच उडी मारायची. दोन्हींची उत्तरं इतकी उलट आहेत की अंदाजाने खेळणारा निम्म्या वेळा मरतोच. आणि तरीही या क्षणात अन्याय नाही, कारण उत्तर समोर असतं. तलवार मागे खेचून टोक आपल्यावर रोखलं असेल तर भोसकणार. अंग जमिनीकडे झुकलं असेल तर पाय कापणार. त्या लाल अक्षराकडे बघत राहणारा मरतो, त्याच्यामागच्या माणसाकडे बघणारा जगतो.

हा गेम म्हणजे ‘सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस’. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने मार्च २०१९ मध्ये तो काढला, हिदेताका मियाझाकी त्याचे दिग्दर्शक, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. यात सोपी पातळी निवडायची सोय नाही. असंख्य लोकांनी तो अर्ध्यावर सोडला, आणि त्यांतले काही याच गच्चीवर अडकलेले होते. अवघड बॉसबद्दल, म्हणजे गेनिचिरोसारख्या वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूबद्दल, बोलताना आपण सहसा त्याची ताकद, त्याची हेल्थ, तो किती फटक्यांत मारतो हे मोजत बसतो. माझ्या मते हे सगळं दुय्यम आहे. बॉस चांगला की वाईट हे एकाच गोष्टीवर ठरतं: त्याचा वार वाचता येतो का? आपण मेलो तेव्हा का मेलो, हे आपल्याला सांगता येतं का? येत असेल तर हरण्यात काहीतरी हाती लागतं. येत नसेल तर नुसता मनस्ताप.

‘सेकिरो’ची लढाई दोन पट्ट्यांवर चालते. एक हेल्थची, दुसरी पवित्र्याची, म्हणजे शत्रू किती डळमळलाय याची. पवित्र्याची पट्टी भरली की शत्रूचा तोल जातो आणि निर्णायक घाव घालता येतो, मग त्याची हेल्थ कितीही उरलेली असो. पण त्याला मोकळं सोडलं की तो सावरतो, आणि हेल्थ भरपूर असेल तर लवकर सावरतो. या एका नियमाने लढण्याची सगळी रीतच बदलते. याच कंपनीचा ‘डार्क सोल्स’ खेळून आलेल्या माणसाच्या अंगात गडगडत लांब जायचं, वाट बघायची, संधी साधून एक फटका मारायचा आणि पुन्हा पळायचं, ही सवय मुरलेली असते. तिथे तो शहाणपणा होता. इथे तीच सवय शत्रूला विश्रांती देते. म्हणून सुरुवातीला हेल्थ थोडी तरी खाली आणायची, आणि मग अंगाला अंग लावून उभं राहायचं. आपण मारत असताना तो आपला वार झटकून टाकतो, तेव्हा ठिणगी मोठी उडते आणि लोखंडाचा आवाज बदलतो. तो आवाज म्हणजे पाळी बदलल्याची खूण. त्यानंतरही जो बटण बडवत राहतो तो मार खातो. हे गेममध्ये कुणी शब्दांत समजावत नाही, पण लपवतही नाही.

त्याचे वार झटकायचे तर योग्य क्षणी बटण दाबावं लागतं. घाबरून बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर तो योग्य क्षणच आकसत जातो, अशी रचना निर्मात्यांनी मुद्दाम केली आहे. दिसलेल्या गोष्टीला बोटाने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. गेनिचिरो एका दमात वारांची जी सर लावतो, तिच्यातल्या प्रत्येक वाराला बघून प्रतिसाद देणं त्यामुळे अशक्यच असतं. मग लोक जिंकतात कसे? पहिला वार बघून, आणि पुढचे पाठ असल्यामुळे. तबला शिकणारा हात लावण्याआधी बोल तोंडाने म्हणतो, तसं इथे चालतं. दोन जलद, एक थांबून, तीन जलद, मग लांबलेला शेवटचा. त्या लांबलेल्या जागेवरच सगळे चुकतात, कारण बोट आधीच्या लयीत पुढे निघून गेलेलं असतं.

हे सगळं किती प्रमाणात कानाचं काम आहे, याचा एक पुरावा विलक्षण आहे. ‘गेम्स डन क्विक’ हा धर्मादाय निधीसाठी चालणारा वेगवान खेळाचा सोहळा. त्याच्या जानेवारी २०२२ च्या ऑनलाइन सत्रात एका खेळाडूने डोळ्यांवर पट्टी बांधून ‘सेकिरो’ शेवटपर्यंत नेला. कपड्याची सळसळ, पावलाचा आवाज, पात्याची सणसण, यांवरून तो वार ओळखत होता. मला यात कौतुक त्या खेळाडूचं वाटतंच, पण तितकंच ते वार घडवणाऱ्यांचंही वाटतं. प्रत्येक वाराला स्वतःचा आवाज देण्याइतकी काळजी त्यांनी घेतली नसती तर ही करामत जन्मालाच आली नसती.

आपल्याकडच्या चाळीस-पंचेचाळीसच्या पिढीची बॉसशी पहिली भेट वेगळ्या ठिकाणी झाली. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात आणि कित्येक तालुक्याच्या गावांत व्हिडिओ गेमची पार्लरं होती, आणि त्यांत कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हमखास असायचा. ते नाव कुणीच घेत नसे. पिवळ्या टोपीतल्या मुस्तफावरून सगळे त्याला ‘मुस्तफा’ म्हणत. तिथला बॉस वेगळ्या हिशोबाने बनवलेला होता. तीन मिनिटांत तुमचा खेळ संपावा आणि तुम्ही दुसरं नाणं टाकावं, यावर त्या मशीनचं पोट होतं. कसाई बॉस समोर आला की दोघा-तिघांनी मिळून नाणी टाकत राहायचं. कौशल्य नसलं तरी पैसे असले की तो पडायचाच. त्या खेळात मजा नव्हती असं कोण म्हणेल? खांद्याला खांदा लावून केलेला तो आरडाओरडा मला आजही हवासा वाटतो. पण तो बॉस खिशाची परीक्षा घेत होता. घरच्या कन्सोलवरच्या बॉसला नाणं नको असतं. त्यामुळे त्याच्या अवघडपणाला दुसरं काहीतरी कारण असावं लागतं, आणि ते नसेल तर खेळणाऱ्याने तक्रार करणं रास्त आहे.

अशी रास्त तक्रार फ्रॉमसॉफ्टवेअरबद्दलही करता येते. २०११ च्या ‘डार्क सोल्स’मध्ये ‘बेड ऑफ केऑस’ नावाचा बॉस आहे. त्याचे प्रचंड हात झाडल्यासारखे फिरतात, पायाखालची जमीन न सांगता खचते, आणि खेळाडू खड्ड्यात. जमीन कुठे खचणार हे आधी पडल्याशिवाय कळायला मार्ग नाही. निर्मात्यांनाही काहीतरी जाणवलं असावं, कारण त्याचा एक भाग फोडला की तो पुढच्या प्रयत्नातही फुटलेलाच राहतो. त्यात भर म्हणजे मेल्यावर त्याच्यापर्यंत पुन्हा पळत जायचं. हे पळत जाणं म्हणजे जुन्या सोल्स गेममधली सगळ्यांत वाया जाणारी गोष्ट. लढाई मिनिटभराची आणि वाट तिच्या दुप्पट. वाटेत शिकलेलं डोक्यातून निसटतं आणि राग तेवढा सोबत येतो. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये बऱ्याच बॉसच्या दारातच पुन्हा उभं राहण्याची सोय दिली. त्याने बॉस जरासाही सोपा झाला नाही. वाया जाणारा वेळ तेवढा गेला.

‘एल्डन रिंग’चाच मार्गिट काठी उचलतो आणि ती वरच धरून ठेवतो. आपण घाबरून गडगडतो, उठतो, आणि नेमकी तेव्हा ती डोक्यात बसते. अनेकांना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. तो आपली भीती ओळखतो आणि तिच्यावर वार करतो. काठी उचलली म्हणून नव्हे, खाली येऊ लागली म्हणून हला, हे त्याचं म्हणणं दोन-चार पराभवांत समजतं. त्याच गेममधल्या मलेनियाबद्दल मात्र माझं मन तितकं साफ नाही. ती आपल्याला लागलेल्या प्रत्येक घावातून स्वतःची हेल्थ भरून घेते, ढालीवर घाव बसला तरीही. हा नियम कठोर आहे पण उघड आहे. तिच्या त्या हवेत तरंगून केलेल्या घावांच्या बरसातीतून मात्र जवळ उभ्या असलेल्या खेळाडूला नुसत्या बघण्यावरून सुटणं जवळपास अशक्य; दुसऱ्या कुणीतरी शोधलेली युक्ती शिकून यावी लागते. ‘एल्डन रिंग’च्याच २०२४ च्या ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ या पुरवणीतल्या शेवटच्या बॉसबद्दल, रादानबद्दल, तर खुद्द निर्मात्यांनीच त्या सप्टेंबरमध्ये दुरुस्ती केली. काही वार सौम्य केले, आणि डोळे दिपवणारे झोत कमी करून वार दिसतील असं केलं. ताकद कमी करण्याबरोबर दिसणं सुधारलं, हे मला त्या दुरुस्तीत सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

आता रागाबद्दल. बॉसपुढे हरताना येणारा राग खराखुरा असतो. कान तापतात, जबडा आवळतो, कंट्रोलरवरची पकड घट्ट होते. घट्ट पकडीत अंगठा जड होतो आणि बटण उशिरा दाबलं जातं, म्हणजे राग थेट खेळात उतरतो. सगळ्यांत जास्त जीव घेतो तो मात्र राग नाही, लोभ. बॉसची पट्टी नखाएवढी उरलेली असते, आपण ठरलेले दोन फटके मारलेले असतात, आणि तिसरा मारायचा मोह होतो. त्या तिसऱ्या फटक्याला जागा नसते, हे आपल्याला लढाईच्या सुरुवातीपासून माहीत असतं. शेवट जवळ दिसला की माणूस समोरच्या वाराऐवजी पट्टीकडे बघू लागतो. माझा भाचा माझ्या मागे बसून बघत असताना म्हणायचा, “मामा, तो कोपर वर घेतो तेव्हा तू खाली बघतोयस.” बघणाऱ्याला काही मिळवायचं नसतं, म्हणून त्याला कोपर दिसतं. तेव्हापासून अडलो की मी मारायचंच सोडून देतो आणि दोन-तीन डाव नुसतं टिकून राहतो. हेल्थ संपली तर संपू दे. त्या डावात जिंकायचंच नसतं, त्यामुळे बॉस निवांत बघता येतो. हा उपाय माझ्या माहितीतल्या कुठल्याही हत्यारापेक्षा जास्त कामी आला आहे. दुसरा उपाय म्हणजे गेम बंद करून झोपणं. बोटांची कामं झोपेनंतर सुधारतात हे अभ्यासकांनी दाखवलं आहे, आणि रात्री ज्याने रडवलं तो सकाळी सहज पडला, हा अनुभव जवळपास प्रत्येक खेळाडूच्या गाठीशी असतो.

फसवणुकीचीही एक चांगली जात असते. ‘सेकिरो’तल्या राक्षसी वानराचं मुंडकं आपण छाटतो, पडद्यावर विजयाची अक्षरं उमटतात, खेळाडू कंट्रोलर खाली ठेवतो. आणि मग ते धड उठतं, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात स्वतःचं मुंडकं. पहिल्यांदा बघताना शिवी निघतेच. पण हे सगळं जग मरण न येणाऱ्यांचं आहे असं ती कथा सांगत आलेली असते, आणि उठलेल्या धडाची चाल आधीपेक्षा संथ आणि वाचायला सोपी आहे. त्याचा वरून पडणारा मोठा घाव नेमका झटकला की ते तोंडघशी पडतं. धक्का एकदाच बसतो, त्यानंतरचं सगळं न्यायाने चालतं.

राहिला सोप्या पातळीचा वाद. ‘सेकिरो’ आल्यावर तो जोरात पेटला होता. अवघड गेमला सोपी पातळी दिली तर त्याचा अर्थच जातो, असं एक बाजू म्हणते. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ने गेमचा वेग कमी करण्यापासून कधीच न मरण्यापर्यंतची मदत दिली आणि तरी तो अवघड गेम म्हणूनच ओळखला जातो, असं दुसरी बाजू दाखवते. सगळ्यांनी एकाच गेनिचिरोशी झुंजण्यात एक आपलेपणा आहे, हे मला मनापासून पटतं. अनोळखी माणसाशी “गच्चीवर किती अडकलास?” एवढ्यावर ओळख होते. म्हणून निर्मात्याने एकच पातळी ठेवायची ठरवली तर तो त्याचा हक्क. पण त्या हक्काच्या आड हळू हलणारा अंगठा, एकच हात, कमी ऐकू येणारा कान असलेल्या माणसाला बाहेर ठेवणं मला मान्य नाही. त्याने मागितलेली मदत घेतली म्हणून तो जिंकलाच नाही, असं म्हणणारे लोक तर मला अजिबात आवडत नाहीत. वार ओळखणं आणि बटण वेळेत दाबणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि बॉस घेतो ती खरी परीक्षा पहिल्या कामाची. दुसऱ्या कामात शरीर आडवं येत असेल तर बटणं हवी तशी बदलू द्यावीत, आवाजाच्या खुणा पडद्यावरही दाखवाव्यात, गेमचा वेग थोडा कमी करू द्यावा. बॉसचा एकही वार त्यासाठी बदलावा लागत नाही.