सळईपर्यंतचं अंतर

निवांत बसा. श्वास संथ होऊ द्या. खाडीवरच्या एखाद्या पुलाचा खांब डोळ्यांपुढे आणा. भरतीचं पाणी जिथवर चढतं, तिथली ओली रेघ पाहा.

आता मनानेच त्या रेघेपाशी आत शिरा. पहिल्या सळईपर्यंत किती जायचंय? भरती-ओहोटीच्या पट्ट्यासाठी भारतीय मानक ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, सांगतं. जेमतेम तळहाताची रुंदी. हे अंतर सावकाश चाला.

काँक्रीट भरीव दिसतं, पण आत बारीक छिद्रांचं जाळं आहे आणि छिद्रांत पाणी. त्या पाण्याचा सामू १२.५च्या वर. एवढ्या अल्कधर्मी पाण्यात सळईवर ऑक्साइडचा थर आपोआप धरतो, काही नॅनोमीटर जाडीचा. सगळा पूल त्या थराच्या भरवशावर उभा आहे. या विचारापाशी थोडं थांबा.

भरती येते, खांब भिजतो. ओहोटीला पाणी सुकतं, मीठ मागे राहतं. पुन्हा भरती. क्लोराइड आत सरकत राहतो. काही क्लोराइड सिमेंटमधली अॅल्युमिनेटं वाटेतच धरून ठेवतात. मोकळा राहिलेला पुढे जातो. सळईपाशी तो पुरेसा साचला, की तो थर ठिपक्याएवढ्या जागी फुटतो आणि तिथून गंज लागतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आतून रेटा बसतो, आणि तडा आपल्याला दिसतो तो त्यानंतर. ५ जुलै १९८६ला पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजलेल्या होत्या.

तडा दिसण्याआधीच ही वाटचाल मोजायची, तर सेन्सर हवा. आता वाटेत एक चांदीची तार ठेवा, सिल्व्हर क्लोराइडचा लेप दिलेली. जवळच स्थिर विभवाचा संदर्भ इलेक्ट्रोड. मोकळा क्लोराइड दहापट झाला, की दोघांमधला व्होल्टेज सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलतो. दुप्पट झाला तर जेमतेम १८. म्हणजे थोड्याशा मिलिव्होल्टची चूक मिठाचा हिशेबच बिघडवते. तापमान बदललं तरी आकडा हलतो. म्हणून एका नोंदीवर निकाल देऊ नये. वर्षानुवर्षांच्या नोंदी एकाखाली एक ठेवून पाहाव्यात.

मोजण्याची दुसरी रीत शिडीची. पोलादाचे छोटे तुकडे वेगवेगळ्या खोलीवर बसवतात. बाहेरचा तुकडा गंजू लागला की त्यातून वाहणारा प्रवाह एकदम वाढतो; मग त्याच्या आतला, मग त्याच्याही आतला. संकट कुठवर आलंय आणि कोणत्या वेगाने येतंय, दोन्ही कळतं. खऱ्या सळईची पाळी अजून आलेली नसते.

इथे मन स्थिर करा. सेन्सर मीठ अडवत नाही. तो आपल्याला अवधी देतो: पृष्ठभागावर लेप चढवायला, कव्हर बदलायला, सळईला विद्युत संरक्षण द्यायला. तो अवधी वापरणं आपल्या हाती आहे.

शेवटी एक प्रश्न स्वतःशी धरा. खोलवरचे सेन्सर काँक्रीट ओतण्याआधीच, सळयांबरोबर बांधलेले बरे. म्हणजे काळजी पूल उभा राहण्याआधी सुरू व्हायला हवी आणि पूल उभा आहे तोवर चालायला हवी. सेन्सरच्या खर्चाशेजारी, त्याच्या नोंदी वाचणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद आपण करणार आहोत का?