पळ काढणारा विश्वास

मराठी मनाला पळून जाण्याची कल्पनाच रुचत नाही. ‘पळपुटा’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. पाय रोवून उभा राहील तो शूर, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हणूनच की काय, मोहाच्या प्रसंगाविषयी बोलताना पुष्कळ ख्रिस्ती बंधुभगिनी एक शंका उपस्थित करतात : ज्याचा विश्वास भक्कम आहे, त्याने प्रसंग टाळावा तरी कशाला? प्रसंगात टिकल्यावाचून विश्वास खरा की खोटा हे कळणार कसे? हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. सद्‌गुण म्हणजे मोहाशी झुंजण्याचे बळ, की मोहापासून दूर राहण्याचे शहाणपण, हा नीतिशास्त्रातला जुना वाद त्याच्या मुळाशी आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत मूळ ग्रीक शब्द आहे ‘पेइरास्मॉस’. त्याचे दोन अर्थ होतात. म्हणून आपल्या काही मंडळ्यांत या ठिकाणी ‘परीक्षा’ म्हणतात, तर काहींत ‘मोह’. मराठीत या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. परीक्षा बाहेरून येते; मोह हा तर षड्‌रिपूंपैकी एक, तो आतच वस्तीला असतो. ग्रीक शब्दात बाहेरचा प्रसंग आणि आतली ओढ ही दोन्ही एकत्र नांदतात, आणि भाषांतरकाराला त्यांतले एक निवडावे लागते. ही अडचण केवळ मराठीची नव्हे. कॅथलिक उपासनेतील या ओळीचे फ्रेंच भाषांतर २०१७ साली आणि इटालियन भाषांतर २०२० साली बदलण्यात आले. देव स्वतःच माणसाला पापाकडे लोटतो असा गैरसमज होऊ नये, हा त्यामागील हेतू होता. परंतु शब्द कोणताही घेतला, तरी प्रार्थनेचा रोख बदलत नाही. ‘मोह येऊ दे, मी त्याला पुरून उरेन’ असे म्हणायला प्रभूने शिष्यांना शिकविले नाही. त्या प्रसंगापासून आपल्याला दूर राखले जावे, अशी याचना करायला शिकविले. ज्याला आपली दुर्बलता ठाऊक आहे, त्याचीच ही प्रार्थना आहे.

मग शास्त्रात सैतानाचा प्रतिकार करा असेही सांगितले आहे, त्याचे काय? याकोबाच्या पत्रात (४:७) आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:९) ती आज्ञा आहेच. उलट पौल करिंथकरांना जारकर्मापासून व मूर्तिपूजेपासून, आणि तीमथ्याला धनलोभापासून व तारुण्यातील वासनांपासून पळ काढावयास सांगतो. हा विरोध वरवरचा आहे. पेत्र ज्या प्रतिकाराविषयी बोलतो, त्याची पार्श्वभूमी छळाची आहे. विश्वास सोडून द्यावा म्हणून जेव्हा बाहेरून दडपण येते, तेव्हा उभे राहावयाचे. पौल ज्या गोष्टींची नावे घेतो, त्यांना मात्र आपल्याच अंतःकरणात एक फितूर सापडलेला असतो. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा कोणी असेल, तर तटावरच्या शौर्याचा उपयोग काय? तेथे त्या जागेपासून दूर होणे हीच लढाई. गंमत अशी, की पौल माणसासाठी जे ‘पळणे’ क्रियापद योजतो, तेच याकोब सैतानासाठी योजतो. सैतान पळेल खरा, परंतु त्याआधी माणसाने देवाच्या अधीन झाले पाहिजे, असा तेथील क्रम आहे.

योसेफाचे उदाहरण आपण नेहमी ऐकतो. अंगावरचे वस्त्र पोटीफराच्या बायकोच्या हाती सोडून तो पळाला, एवढे आपल्या लक्षात राहते. परंतु उत्पत्तीच्या ३९ व्या अध्यायात त्याआधी एक बारीक तपशील आहे : ती दररोज गळ घालीत असता तो तिच्या सहवासातही राहावयास तयार नव्हता. शेवटच्या क्षणी त्याचे पाय वळले, कारण त्यांना वळण आधीच लागले होते. याउलट लोट पाहा. त्याने यार्देनेची हिरवीगार तळवट निवडली. प्रथम त्याचे डेरे सदोमाच्या दिशेने सरकले. पुढच्या अध्यायात तो सदोमात राहताना दिसतो. आणि १९ व्या अध्यायात तर तो त्या नगराच्या वेशीत बसलेला आहे. एकही पाऊल फार मोठे नव्हते. पळण्याची वेळ आली तेव्हा तो रेंगाळला, आणि देवदूतांना त्याचा हात धरून त्याला बाहेर काढावे लागले. आपले बहुतेक अधःपतन असेच घडते. एक मोठी उडी आपण घेत नाही. डेरा जरा जरा पुढे सरकवितो.

येथे एक आक्षेप रास्त आहे. प्रभू येशू जकातदारांच्या व पापी लोकांच्या पंक्तीला बसला. पौलही लिहितो, की जगातल्या पाप्यांचा संबंध सर्वस्वी तोडायचा तर जगच सोडून जावे लागेल. तेव्हा टाळणे म्हणजे सोवळे पाळणे नव्हे. प्रश्न ‘कोणाबरोबर’ एवढाच नाही. ‘कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या भरवशावर’ हाही आहे. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात आपला मित्र अलिपियस याची हकिकत सांगितली आहे. मल्लांच्या रक्तरंजित झुंजींचा त्याला तिटकारा होता. मित्रांनी त्याला रोममध्ये ओढून तेथे नेले. शरीर येथे असले तरी मन येथे नसेल, अशा निश्चयाने तो डोळे मिटून बसला. परंतु कान उघडे होते. गर्दीतून आरोळी उठली, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि त्या रक्तपाताची त्याला चटक लागली. त्याचे चुकले कोठे? त्याने देवावर नव्हे, स्वतःवर भिस्त ठेवली, असे ऑगस्टीनचे निदान आहे.

प्रभूच्या अरण्यातील परीक्षेत हाच मुद्दा आहे. मंदिराच्या शिरोभागी नेऊन सैतान त्याला उडी टाकावयास सुचवितो, आणि वर शास्त्रवचनाचा आधारही देतो. प्रभू ती सूचना नाकारतो, कारण मुद्दाम संकटात उडी घेऊन देवाने झेलावे अशी अपेक्षा करणे म्हणजे देवाचीच परीक्षा पाहणे होय. ‘माझा विश्वास भक्कम आहे, मला काही होणार नाही’ असे म्हणून मोहाच्या जागी जाणारा माणूस हेच करीत नाही काय?

वाचकहो, व्यवहारात याचा अर्थ अगदी साधा आहे. दारूच्या व्यसनातून सुटलेल्या बांधवाने पगाराच्या दिवशी गुत्त्यावरून जाणारा रस्ता सोडून लांबचा रस्ता धरावा. ते लांबचे पाऊलही प्रार्थनाच आहे. दिल्लीत, इंदुरात वा बंगळूरला एकटा राहून नोकरी करणाऱ्या तरुणाने रात्री मोबाईल उशाशी न ठेवता दूर ठेवावा, आणि आपल्या भाषेची मंडळी जवळ नसली तरी एखाद्या मंडळीची सोबत शोधावी. पैशाच्या बाबतीत तर पौलाचाच कित्ता आहे. यरुशलेमच्या संतांसाठी वर्गणी नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने बरोबर इतर विश्वासू बंधू दिले (२ करिंथ ८). प्रेषिताला जी खबरदारी आवश्यक वाटली, ती आपल्या मंडळीच्या खजिनदाराला अपमानास्पद का वाटावी? दोन सह्यांचा नियम हा अविश्वास नाही. तो त्या भावावरील प्रेमाचाच एक प्रकार आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. टाळावयाचे ते केवळ पाप नव्हे, अपायही. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरी आलेल्या भगिनीला ‘हा तुझा वधस्तंभ आहे, परत जा’ असा उपदेश करणारे आपल्यात आहेत. त्यांनी शास्त्र पुन्हा वाचावे. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद निसटून गेला. दिमिष्कात शिष्यांनी पौलाला पाटीत बसवून तटावरून खाली सोडले. एका गावी छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जाण्यास प्रभूनेच शिष्यांना सांगितले. यांपैकी कोणालाही शास्त्र अल्पविश्वासी म्हणत नाही. वधस्तंभ प्रभूने स्वेच्छेने उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर तो लादण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. अशा भगिनीला मंडळीने आसरा द्यावा, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला जे संरक्षण दिले आहे, ते मिळवून देण्यास साहाय्य करावे.

तेव्हा पळणे लाजिरवाणे की गौरवास्पद, हे आपण कशापासून आणि कोणाकडे पळतो यावर ठरते. योना देवापासून पळाला; योसेफ देवासाठी पळाला. पौलानेही तीमथ्याला केवळ पळ काढावयास सांगितले नाही. शुद्ध अंतःकरणाने प्रभूचा धावा करणाऱ्यांच्या संगतीत नीतिमत्त्व, विश्वास, प्रीती व शांती यांच्या पाठीस लागावयास सांगितले. ज्याला जाण्याची जागा नाही, तो फार काळ पळू शकत नाही. मोहापासून निघालेल्या माणसासाठी आपल्या मंडळीचे, आपल्या घराचे दार उघडे आहे काय, हा प्रश्न या आठवड्यात प्रत्येकाने स्वतःला विचारावा.