कल चाचणी आणि देवाचे दान



दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत एकच प्रश्न असतो: पुढे काय? अनेक पालक मुलांना समुपदेशकाकडे नेऊन अभिक्षमता चाचणी करून घेतात. आपल्या राज्यात शासनानेही २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली होती. अशी चाचणी उपयोगी आहे. पण तिच्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे शुभवर्तमानाच्या प्रकाशात पाहू या.

मत्तयच्या शुभवर्तमानातील तालंतांचा दाखला (२५:१४-३०) आपण जाणतो. धनी प्रवासाला निघताना एका दासाला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक तालंत देतो, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. परंतु दोनाचे चार करणाऱ्याला पाचाचे दहा करणाऱ्याइतकीच शाबासकी मिळते. शिवाय एक तालंत म्हणजेही थोडके नव्हे. ती मजुराची कित्येक वर्षांची कमाई होती. तिसरा दास चुकला तो कमी मिळाले म्हणून नव्हे, तर भीतीपोटी मिळालेले पुरून ठेवले म्हणून.

आपल्या मुलाला कोणते तालंत मिळाले असावेत, याचा अंदाज चाचणी देते. तो अंदाज आहे, निवाडा नव्हे. म्हणून अहवाल वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, कल आणि क्षमता एक नव्हेत. यंत्रांची आवड असणे हा कल. यंत्राची रचना डोळ्यांपुढे आणता येणे ही क्षमता. कल आहे पण क्षमता कमी, तेथे मेहनत अधिक लागेल. क्षमता आहे पण आवड नाही, तेथे मुलाशी शांतपणे बोलावे लागेल.

दुसरी, ६० पर्सेंटाइल म्हणजे शंभरापैकी ६० गुण नव्हेत. त्या गटातील सुमारे ६० टक्के मुलांपेक्षा हे मूल पुढे आहे, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी ताप असला, मन घाबरलेले असले किंवा मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीत प्रश्न विचारले गेले, तर आकडे खाली येतात. शंका असल्यास समुपदेशकाला विचारावे.

तिसरी, बोटांचे ठसे घेऊन बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही. हात दाखवून भविष्य विचारण्याचाच तो नवा प्रकार आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने (परिच्छेद २११६) असे भविष्य पाहणे वर्ज्य मानले आहे.

आणि जे कोणतीही चाचणी पुरते मोजू शकत नाही, त्याचे काय? आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा धीर, पैशाचा चोख व्यवहार, पडल्यावर पुन्हा उठण्याची चिकाटी! शमुवेल संदेष्टा इशायच्या घरी गेला, तेव्हा थोरल्या मुलाची उंची पाहून तोही फसत होता. धाकट्या दाविदाला तर बापाने बोलावलेसुद्धा नव्हते. तो मेंढरे राखत होता. देवाने निवडले ते त्यालाच.

पालकांनो, मुलांनी कोणता पेशा निवडावा याबाबत त्यांच्यावर दडपण आणू नये, विचारपूर्वक सल्ला मात्र जरूर द्यावा, असे धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २२३०) आपल्याला सांगतो. शेजारच्या मुलाने इंजिनिअरिंग घेतले, हा सल्ला नव्हे. तरुणांनो, तुम्हीही 'अहवालात नाही' म्हणून एखादे दार लावून घेऊ नका. धर्मगुरू वा धर्मभगिनी होण्याचे पाचारण अहवालाच्या रकान्यात सापडणार नाही. ते प्रार्थनेतच ऐकू येते.

या आठवड्यात रोझरी झाल्यावर अहवाल घेऊन सर्वांनी एकत्र बसावे. मुलाला आधी बोलू द्यावे. त्याला जे काम करावेसे वाटते, ते करणारी व्यक्ती आपल्या धर्मग्रामात असेल तर तिला भेटावे. मगच अर्ज भरावा. आणि स्वतःला विचारावे: हे दान वापरून मी कोणाच्या उपयोगी पडेन?

पवित्र आत्मा आपल्या मुलांना सुज्ञपणाचे आणि आपल्याला धीराचे दान देवो. आमेन.