फुटू शकणारी शुभेच्छा

ईस्टरच्या पहाटे मोबाइलवर शुभेच्छांचा पाऊस पडतो. रिकामी कबर, उगवता सूर्य, पांढरी लिली. पैसे पडत नाहीत, वेळ जात नाही. तरी मी दरवर्षी मार्झिपॅनच्या अंड्यांचे डबे घेऊन वसईच्या पोस्टात रांग लावते आणि आमचा धाकटा दरवर्षी विचारतो, "आई, खाऊपेक्षा टपाल महाग, हा कुठला हिशेब?"

हिशेब त्याचा बरोबर आहे. पण सण कशाचा आहे तेही बघायला हवं. लूकच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांसमोर येतो, तर त्यांना वाटतं भूतच आलं. हातपाय दाखवूनही भागत नाही. मग तो खायला काही आहे का विचारतो आणि त्यांच्यादेखत भाजलेला मासा खातो. पुनरुत्थानाच्या पुराव्याला मासा! योहान तर सांगतो, तिबिर्या सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार ठेवून त्याने शिष्यांना न्याहारीला बोलावलं. आम्हा मासेखाऊ वसईकरांना हे चटकन पटतं. आत्मा अमर आहे असं प्लेटोही सांगून गेला होता, त्यासाठी कबर रिकामी व्हायचं कारण नव्हतं. आमची श्रद्धा अडून बसते ती शरीरावर. म्हणून या सणाच्या शुभेच्छेलाही थोडं अंग असावं. ती फुटू शकावी, तिला मुंग्या लागाव्यात, ती दातांत अडकावी.

मध्ययुगात युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. कोंबड्यांना उपवासाची खबर नव्हती, त्या अंडी घालतच राहिल्या. ईस्टर येईतो घरात अंडीच अंडी. म्हणजे ईस्टरचं अंडं मुळात घरात साठलेली, कुणालाही वाटता येणारी वस्तू. चकचकीत कागदातलं चॉकलेटचं अंडं फार नंतर आलं, आणि एप्रिलच्या उन्हात टपालाने निघालं तर नाशिकला पोचेपर्यंत त्याचा आकार राहत नाही.

मार्झिपॅन टिकतं. मी तुकडा काजू आणते. दळायचाच तर अख्ख्याचे पैसे कशाला मोजायचे? काजूची पूड, साखर, अंड्याचं पांढरं, वरून थोडं गुलाबपाणी. मंद आचेवर ढवळत राहायचं, गोळा कढईची कड सोडू लागला की उतरवायचा, कोमट असताना मळून साच्यात दाबायचा. दोन अर्ध्या वाट्या जोडल्या की मध्ये फट दिसतेच. तिच्यावर आयसिंगची वेल काढली की झालं. मग बटर पेपर, वर्तमानपत्राचे बोळे, पुठ्ठ्याचा डबा.

महाग भेट आली की घेणाऱ्याचं गणित सुरू होतं. देवाची कृपा विनामूल्य आहे असं आम्ही रविवारी मान डोलावून ऐकतो आणि सोमवारी आहेराची वही उघडतो. चाळीस-पन्नास रुपयांच्या खाऊची परतफेड कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून मला तो कृपेच्या जरा जवळचा वाटतो. परत बोलावू न शकणाऱ्यांना जेवू घाला, अशी येशूची शिकवण आहे. माझ्या खात्यापित्या घरच्या मैत्रिणी त्यात बसत नाहीत, हे खरं. ते काम वेगळं, आणि ते या डब्यांनी होत नाही.

डबा उशिरा पोचला तरी मी चिडत नाही. थोमा पहिल्या संध्याकाळी हजरच नव्हता, त्याला प्रभू भेटला आठवड्याने. शिवाय चर्चने ईस्टरचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा ठेवलाय. टपालाला एवढी मुदत पुरते.

सोलापूरच्या मैत्रिणीचा घाणा मात्र वेगळा, कारण ती अंडं खात नाही. काय कळणार आहे तिला, असं एकदा शेजारीण म्हणाली. मूर्तीपुढे ठेवलेलं मांस खावं का यावर करिंथच्या मंडळीत वाद झाला, तेव्हा पौलाने खाण्यात दोष काढला नाही. पण माझ्या खाण्याने भावाला अडखळण होणार असेल तर मी मांसच सोडेन, असं कळवलं. तेव्हा तिच्या अंड्यात अंडं नसतं. परवा तिचा फोन आला, "अगं, ही तर काजूकतलीच की, नुसती गोल केलेली!"

"लंबगोल," मी म्हटलं. "आणि नातवंडं यायच्या आत खाऊन टाक."